अनुस्वाराचा आवाज

दर नोव्हेंबरला येणारं हयातीच्या दाखल्याचं पत्र सोडलं, तर विद्यापीठानं चौदा वर्षांत सुपडूभाऊंची कधी आठवण काढली नव्हती. त्यामुळे २०३४ च्या जूनमध्ये एक तरुण बाई त्यांच्या ओट्यापाशी येऊन उभी राहिली आणि “अक्षरं कापायचे ते सुपडू शिंपी आपणच का?” असं तिनं विचारलं, तेव्हा आपल्या कागदपत्रांत काहीतरी घोळ निघाला असणार, असंच त्यांना आधी वाटलं.

बाईचं नाव डॉ. ऋजुता नेहेते. तापीतीर विद्यापीठात ती भौतिकशास्त्र शिकवत होती. आत येऊन बसल्यावर तिनं पिशवीतून एक मोठा फोटो काढून त्यांच्या हातात दिला. व्यासपीठ, मागं जांभळा मखमली पडदा, पडद्यावर पांढरीशुभ्र अक्षरं : ‘जमिनीखालचं पाणी’. आणि माईकसमोर उभी असलेली, गळ्यात चष्म्याची दोरी अडकवलेली एक ठेंगणी बाई.

“देवस्थळेबाई,” सुपडूभाऊ म्हणाले आणि त्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेला.

ऋजुताला वाटलं, ते जुन्या आठवणींत रमले. पण त्यांची नजर बाईंवर नव्हती. ती पडद्याच्या उजव्या कडेला गेली होती, जिथं फोटोत नुसता काळोख दिसत होता.

त्या काळी तापीतीर विद्यापीठात कार्यक्रम म्हटला की त्याची सुरुवात सुपडूभाऊंच्या अक्षरांपासून व्हायची. परिषद असो, चर्चासत्र असो, पदवीदान असो, आठ दिवस आधी मजकुराचा कागद त्यांच्याकडे यायचा. छापील फलक अजून यायचे होते. बापानं जन्मभर कापड कापलं, हे थर्माकोल कापू लागले. लाकडी धनुष्याला ताणलेली बारीक तार, तिला बॅटरीचा करंट, आणि तार तापली की लोण्यातून सुरी जावी तसा फिरणारा हात. ‘क्ष’च्या पोटातला वळसा आणि ‘श’ची गाठ त्यांच्यासारखी जिल्ह्यात कोणाला जमत नसे. एका परिषदेला आलेले एक बंगाली प्राध्यापक तर समारोप झाल्यावर त्यांच्याकडून ‘ळ’ मागून घेऊन गेले होते. असलं अक्षर आमच्याकडे नाही, असं म्हणाले होते. वर्तमानपत्रात गुंडाळलेला तो ‘ळ’ कडेवर पोर घ्यावं तसा घेऊन ते स्टेशनकडे चालत गेले, ते सुपडूभाऊंना अजून दिसत होतं.

आणि अक्षरं सुपडूभाऊंची, तसा आवाज मोईनभाईंचा. मोईनुद्दीन पिंजारी विद्यापीठाची ध्वनिव्यवस्था सांभाळायचे. सुपडूभाऊंपेक्षा सात वर्षांनी मोठे. कार्यक्रमाच्या आधी रिकाम्या सभागृहात मधोमध उभे राहून ते एकच टाळी वाजवायचे, मान तिरकी करून ऐकायचे आणि मग लाऊडस्पीकरची बटणं फिरवायचे. माणसं आवाज पितात, असं ते सांगत. रिकाम्या हॉलमध्ये गोड लागतं ते भरल्या हॉलमध्ये मुकं होतं. सुपडूभाऊ तेव्हा रोजंदारीवर होते. दर शुक्रवारी दुपारी मोईनभाईंच्या घरी चहा ठरलेला, आणि मोईनभाईंची बायको, रोशनभाभी, सुपडूभाऊंसाठी बिनसाखरेचा वेगळा करायच्या.

फेब्रुवारी १९८९ मध्ये विद्यापीठानं भूजलावर अखिल भारतीय परिषद भरवली. तीन दिवस इंग्रजीत निबंध वाचले गेले. शेवटच्या संध्याकाळी मात्र गावातल्या लोकांसाठी मराठीत जाहीर व्याख्यान होतं, डॉ. शरयू देवस्थळे यांचं. आसपासच्या तीसेक खेड्यांतून माणसं आली. सभागृह भरलं, आवार भरलं, लोक पाण्याच्या टाकीवर चढून बसले. बाई तासभर बोलल्या, पुढं अर्धा तास प्रश्नोत्तरं झाली. हातात चिठ्ठीचपाटी काही नाही. चार महिन्यांनी हृदयविकारानं त्या गेल्या. ते व्याख्यान त्यांनी कधी लिहून काढलं नव्हतं. आणि विद्यापीठाच्या कॅमेऱ्यानं घेतलेल्या त्या टेपवर चित्र होतं, आवाज नव्हता.

आवाज का नव्हता, हे जगात आपल्या एकट्यालाच ठाऊक आहे, असं सुपडूभाऊ पंचेचाळीस वर्षं समजत आले होते.

कुलसचिव मराठे साहेबांनी कागदावर ‘जमिनीखालचे पाणी’ असं लिहून दिलं होतं. बाई दुपारी सभागृह पाहायला आल्या, त्यांनी ते वाचलं आणि म्हणाल्या, “‘खालचं’ करता येईल का हो? मी बोलणार तसंच लिहिलेलं असू दे.” सुपडूभाऊंनी मात्रा उचकटली, घाईत एक वाटोळा अनुस्वार कापला आणि एका टाचणीवर लटकवला. डिंकाला वाळायला वेळ नव्हता. ऐन स्वागताच्या वेळी तो गळून पडला. सुपडूभाऊ लगबगीनं उजव्या कडेनं स्टुलावर चढले, तो परत टोचला, आणि उतरताना त्यांच्या पायाला काहीतरी ओढ बसली. खाली पाहिलं, तर एका वायरची पिन बाहेर पडलेली. तेवढ्यात बाई बोलू लागल्या. लाऊडस्पीकर व्यवस्थित चालला होता, म्हणजे ही वायर बिनकामाची असणार, असं त्यांनी स्वतःला समजावलं आणि ते विंगेत सरकले.

ती टेपला आवाज नेणारी वायर होती.

दोषी मोईनभाई ठरले. त्यांना ध्वनिविभागातून काढून परीक्षा विभागाच्या गोदामात पाठवलं, आणि तिथं कोऱ्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधत त्यांनी उरलेली नोकरी काढली. सुपडूभाऊंना कायम करण्याचा आदेश त्याच आठवड्यात निघाला. तोंड उघडलं असतं तर निघाला नसता. पुढच्या शुक्रवारी त्यांनी डोकं दुखतंय म्हणून निरोप पाठवला. त्याच्या पुढच्या शुक्रवारी निरोपही पाठवला नाही.

ऋजुता आली होती ती त्या मुक्या टेपला बोलतं करायला.

तिनं ते सुपडूभाऊंना त्यांच्या ओट्यावरच समजावून सांगितलं. आवाज म्हणजे हवेचे धक्के. ते समोर येईल त्या वस्तूला बसतात आणि ती हलते, डोळ्याला दिसणार नाही इतकी, केसाच्या शंभराव्या भागाहूनही कमी. जड वस्तू जवळपास हलतच नाही, हलकी बऱ्यापैकी हलते. आता १९८९ चा कॅमेरा. तो आजच्यासारखं अख्खं चित्र एकदम टिपत नसे, चटई विणावी तशी एकेक आडवी ओळ वाचत खाली यायचा. सेकंदाला पंधरा हजारांहून जास्त ओळी. प्रत्येक ओळ मागचीपेक्षा कणभर उशिराची. म्हणजे एखादं अक्षर थरथरत असेल, तर त्याची कड ओळीओळीला किंचित मागंपुढं सरकलेली असणार. ती सरक मोजली की थरथर कळली, आणि थरथर कळली की आवाज हाती लागला. सगळ्या जगात हे काम चार वर्षांपासून चालू होतं. चिवड्याची पिशवी, फुगा, झाडाचं पान, कशातूनही जुने आवाज निघत होते.

“पण काका, तुमच्यासारखं काही मला कुठल्याच टेपमध्ये मिळालं नाही,” ती म्हणाली. “काळपट मखमलीवर पांढऱ्या, धारदार कडा. वजनाला पिसासारख्या. तुम्ही पडद्यावर मायक्रोफोनच टांगून ठेवले होते.”

अडचण एवढीच होती की प्रत्येक अक्षर आपापल्या तऱ्हेनं थरथरतं. जाडी किती, वजन किती, टाचणी कुठं, यावर ते ठरतं. ते कळल्याशिवाय थरथरीचा परत आवाज करता येत नाही. म्हणून तिला तीच अक्षरं, तश्शीच, पुन्हा कापून हवी होती. डिसेंबरमध्ये विद्यापीठाचा सुवर्णमहोत्सव होता. त्याच सभागृहात ते व्याख्यान पुन्हा ऐकवायचं, असं कुलगुरूंनी ठरवलं होतं.

नाही म्हणायचे रस्ते सुपडूभाऊंनी मनातल्या मनात चाचपून पाहिले. डोळे गेले, हात कापतो, तार कुठं आहे कोणाला ठाऊक. पण त्यांच्या तोंडून निघालं ते भलतंच. “कुठला थर्माकोल आणणार तुम्ही?”

थर्माकोलवर बंदी येऊन सोळा वर्षं झाली होती. ऋजुतानं खास परवानगी काढून औषधांच्या खोक्यांचे तुकडे मागवले होते. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत सुपडूभाऊंनी त्यावर अंगठा दाबला आणि मान हलवली. हा दाणा बारीक आहे, आमचा मोठा होता, स्वस्तातला, म्हणाले. मग घरी जाऊन त्यांनी माळ्यावरून स्वतः केलेलं जुनं गणपतीचं मखर काढलं. बायकोनं, निर्मलाबाईंनी, ते इतकी वर्षं धुळीतून जपलं होतं आणि त्या काही सहजी द्यायला तयार नव्हत्या. शेवटी, पुढची महिरप तेवढी राखून मागची पाठ कापायची, अशी तडजोड झाली.

पुढचे तीन आठवडे सुपडूभाऊ रोज सकाळी टेकडीवरच्या प्रयोगशाळेत गेले. ऋजुतानं धनुष्य करून घेतलं होतं. पहिल्या दिवशी ‘ज’ बिघडला. दुसऱ्या दिवशी हाताला जुनं वळण सापडलं आणि तार तापल्याचा तो उग्र, गोडसर वास आल्याबरोबर त्यांना एकदम सगळं दिसायला लागलं : पहाटे धुतलेले सभागृहाचे दगड, नावनोंदणीच्या टेबलावर रांगेनं मांडलेल्या रेक्झिनच्या फायली, परगावचे पाहुणे उतरवून घ्यायला निघालेली विद्यापीठाची निळी बस, कोणाच्या निबंधाला किती टाळ्या पडल्या त्यावर स्वयंपाकघरात चालणारी वादावादी. आता परिषदा भरत, पण ज्याच्या त्याच्या घरी. माणसं चष्मे चढवून बसायची आणि एकमेकांच्या सावल्यांशी बोलायची. सभागृहाला वर्षातून चारदा कुलूप निघत असे.

ऋजुता कापलेलं अक्षर मखमलीवर टोचायची, समोरून वेगवेगळे सूर सोडायची आणि लेसरनं त्याची थरथर मोजायची. मोठी अक्षरं खर्ज झेलत. स्वर त्यांच्यातून स्पष्ट निघत, पण व्यंजनं निसटत. बोलणं ऐकू येई ते विहिरीत तोंड घालून बोलल्यासारखं, नुसतं आ-ऊ-ए. ‘स’, ‘त’, ‘च’ यांचे बारीक, तीक्ष्ण आवाज धरायला फार हलकं, जवळजवळ सुटं काहीतरी हवं होतं.

ते पडद्यावर एकच होतं. एका टाचणीवर घाईत लटकवलेला अनुस्वार.

“हा पक्का चिकटवला असतात, तर मला अर्धं व्याख्यान मिळालं नसतं,” ऋजुता म्हणाली. सुपडूभाऊ हसले नाहीत, तेव्हा तिला जरा नवल वाटलं.

ऑगस्टच्या शेवटी तिनं त्यांना बोलावून खुर्चीत बसवलं आणि कानाला हेडफोन लावला. आधी वाळूत पाऊल पडावं तशी खरखर. मग तिच्यातून हळूहळू वर येत एक आवाज, किंचित नाकातला, कोकणातल्या हेलाचा.

“जमिनीवर तुम्ही बांध घालता. हा माझा, तो तुझा. जमिनीखाली बांध नसतात. तुमच्या विहिरीतलं पाणी काल शेजाऱ्याकडे होतं, उद्या तिसऱ्याकडे असेल. आपण सगळे एकाच मडक्याला तोंड लावून बसलोय, आणि प्रत्येकाला वाटतंय, मडकं आपलं.”

सुपडूभाऊंनी डोळे मिटून घेतले. हे वाक्य बाई बोलल्या तेव्हा ते विंगेत उभे होते आणि समोरच्या रांगेतला एक म्हातारा शेतकरी मोठ्यानं “हा!” म्हणाला होता. तो “हा!” सुद्धा टेपमध्ये होता. आता त्या भागात हजार फुटांवरही पाणी लागत नव्हतं.

संपूर्ण दीड तास ऐकून झाल्यावर ऋजुतानं दार लावून घेतलं. कार्यक्रम संपल्यावरही टेप संपेपर्यंत कॅमेरा चालूच राहिला होता, असं तिनं सांगितलं. सभागृह रिकामं झालं होतं, पडद्याजवळ दोन माणसं बोलत होती. सभागृह शांत असल्यामुळे ते फार स्वच्छ निघालं होतं. त्रेचाळीस सेकंद. ते त्यांनी आधी एकट्यानं ऐकावं, असं तिला वाटत होतं.

पहिला आवाज कुलसचिव मराठे साहेबांचा. पिन निघालीच कशी, म्हणून ते विचारत होते.

“माझ्याच पायानं, साहेब.” मोईनभाई. चौतिशीतले, खणखणीत.

“तो शिंपी चढला होता ना वर?”

“तो नुसता अक्षर लावून गेला. वायर माझी, चूक माझी.”

“बघ हं. त्याचा आदेश सोमवारी सहीला यायचाय.”

वायर गुंडाळल्याची खसखस. मग, “त्याचं नाव नका घेऊ, साहेब.”

सुपडूभाऊंनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. त्याची वायर गुंडाळली, पुन्हा उलगडली, पुन्हा गुंडाळली. ऋजुतानं पाणी दिलं, ते तसंच राहिलं.

मग तिनं त्यांना कायदा सांगितला. ही पद्धत निघाल्यापासून घरोघरी लोक जुन्या लग्नांच्या फिती घेऊन धावले होते. कोणाला गेलेल्या आईची हाक मिळाली. कोणाला, मांडवाच्या कोपऱ्यात सासरे आपल्याबद्दल काय म्हणाले होते, तेही मिळालं. वाटण्या मोडल्या, सोयरिकी तुटल्या, कोर्टात रांगा लागल्या. तेव्हा ध्वनिसंमती कायदा आला. परत मिळवलेल्या बोलण्यात ज्यांचा आवाज आहे, आणि ज्यांच्याविषयी ते बोलणं आहे, अशा हयात माणसांची लेखी संमती लागे. मराठे साहेब केव्हाच गेले होते. उरले दोघं.

“तुम्ही ‘नाही’ लिहिलंत, तर हे त्रेचाळीस सेकंद कायमचे पुसायचे,” ती म्हणाली. “मग मोईनकाकांना विचारायचा प्रश्नच येत नाही. त्यांना कळणारसुद्धा नाही. ‘हो’ लिहिलंत, तर त्यांना पत्र जाईल आणि त्यांनाही हे ऐकवावं लागेल. आठ दिवस आहेत, काका. मी काही विचारणार नाही.”

फॉर्म खिशात घालून सुपडूभाऊ टेकडी उतरले. घरी गेल्यावर त्यांनी निर्मलाबाईंना पहिल्यापासून सगळं सांगितलं. लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झाली होती आणि ही एक गोष्ट त्यांनी कधी सांगितली नव्हती. शेवटी म्हणाल्या, “बाजारात रोशनभाभी दिसल्या की तुम्ही रस्ता बदलायचे, ते ह्यापायी होय?” दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीचा शर्ट काढून पलंगावर ठेवलेला होता.

मोईनभाई जुन्या जिनिंग कारखान्याच्या मागच्या गल्लीत राहायचे, पंचेचाळीस वर्षांपूर्वी राहायचे तिथंच. ओसरीत खाटेवर बसून ते मेथी निवडत होते. पाठ वाकली होती, कानात यंत्र होतं. सुपडूभाऊ फाटकाशी उभे राहिले, तेव्हा त्यांनी मान वर केली, डोळे बारीक केले आणि बाजूची जुडी उचलून खाटेवर जागा केली.

सुपडूभाऊंनी रस्ताभर वाक्यं जुळवली होती, ती कामी आली नाहीत. त्यांनी जमेल तसं सांगितलं. स्टूल, पिन, सोमवारची सही, गप्प बसणं. मग टेप, अक्षरं, कुलसचिवांचं बोलणं. मोईनभाई मेथीची पानं खुडत ऐकत होते. एकदा त्यांनी कानातलं यंत्र नीट बसवलं, तेवढंच.

“माहीत आहे मला,” सगळं झाल्यावर ते म्हणाले. “तुझ्या चपलेचा अंगठा अडकला, तेव्हा मी समोरच होतो.”

“मग तेव्हाच येऊन पिन लावली का नाही?”

मोईनभाईंचा हात थांबला. “ते कोणी विचारलंच नाही मला. बाई बोलायला लागल्या होत्या. म्हटलं, दोन मिनिटांनी मागून जाऊन लावतो. अन्‌ मग ऐकतच राहिलो, सुपडू. बाप विहिरी खणायचा माझा, त्याला जे समजत नव्हतं ते ती बाई सांगून राहिली होती. टाळ्या वाजल्या तेव्हा भानावर आलो. चूक माझी, असं साहेबाला म्हटलं, ते काही सगळं खोटं नव्हतं.”

सुपडूभाऊ म्हणाले, “माझ्यापायी तुम्ही गोदामात गेलात.”

“गोदामाचं काय? सावलीतली नोकरी होती.” मोईनभाईंनी एक काडी बाजूला टाकली. “तू शुक्रवारी यायचा बंद झालास. रोशन दोन वर्षं तुझा चहा बिनसाखरेचा वेगळा काढायची, आज येईल म्हणून. ते लागलं मला. ते लागलं.”

रोशनभाभी तीन वर्षांपूर्वी वारल्या होत्या. सुपडूभाऊंना ते माहीत होतं. तेव्हाही ते गल्लीच्या तोंडापर्यंत येऊन परत गेले होते. हे सांगायला त्यांनी तोंड उघडलं आणि त्यांना रडू आलं, म्हाताऱ्या माणसाला येतं तसं, आवाज न करता. मोईनभाईंनी त्यांना रडू दिलं. मग अर्धी मेथी त्यांच्यापुढं सारली, आणि दोघं मिळून निवडू लागले.

संध्याकाळी दोघांनी एकाच पेननं फॉर्मवर ‘हो’ लिहिलं.

डिसेंबरात सुवर्णमहोत्सवाच्या आदल्या दिवशी ऋजुतानं दोघांना सभागृहात बोलावलं आणि रिकाम्या खुर्च्यांसमोर व्याख्यान लावलं. मोईनभाई मधोमध उभं राहून ऐकत होते. कानातलं यंत्र त्यांनी काढून खिशात ठेवलं. यंत्रातून सगळंच पत्र्यासारखं लागतं, म्हणाले. पाच मिनिटांनी त्यांनी हात वर केला. आत्ता ठीक लागतंय, पण उद्या पाचशे माणसं बसतील आणि वरचे सूर पिऊन टाकतील, तेव्हा वरचं थोडं टोचेल इतकं वाढवून ठेव, असं त्यांनी सांगितलं. ऋजुताच्या संगणकानं हा हिशेब आधीच केला होता आणि त्याचं उत्तर वेगळं होतं. तिनं क्षणभर विचार केला आणि मोईनभाईंचं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी माणसं खरंच आली. घरी बसून ऐकायची सोय असूनही आली. कुलगुरूंनी अक्षरं कापणाऱ्याचा सत्कार ठेवला होता. शाल खांद्यावर पडल्यावर सुपडूभाऊ माईकपाशी गेले. “ह्या टेपचा आवाज माझ्या पायानं गेला,” ते म्हणाले. “शिक्षा मोईनुद्दीन पिंजारी यांनी भोगली. ते तिसऱ्या रांगेत बसलेत. ही शाल त्यांची आहे.” ते खाली उतरले आणि त्यांनी शाल नेऊन दिली. नव्या पोरांना यातलं फारसं काही कळलं नाही, त्यांनी आपल्या टाळ्या वाजवल्या. जुन्यांपैकी दोघं-तिघं मात्र उठून मोईनभाईंच्या खुर्चीपर्यंत आले. परीक्षा विभागातले एक निवृत्त कारकून त्यांचा हात हातात घेऊन नुसतेच उभे राहिले.

मग दिवे मंद झाले आणि शरयू देवस्थळे पुन्हा बोलू लागल्या. ‘सोसत’, ‘साचत’, ‘संपत’, एकेक अक्षर सुटं ऐकू आलं. बांधाचं वाक्य आलं, तो “हा!” आला, आणि सभागृहात कोणीतरी हुंदका दिला. त्या माणसाच्या आजोबांचा तो आवाज होता, हे नंतर कळलं.

सगळं आटोपलं, आणि आता आपलं काम संपलं असं सुपडूभाऊंना वाटत होतं, तेव्हा जानेवारीत ऋजुताचा फोन आला. ग्रंथालयाच्या तळघरात दोनशे बारा जुन्या टेपा सापडल्या होत्या. जुन्या टेपमध्ये आवाज अगदी कडेच्या पट्टीवर असतो आणि बुरशी आधी कड खाते. चित्र शाबूत, आवाज गेलेला. परिषदा, वादस्पर्धा, स्नेहसंमेलनं, सगळीच्या सगळी मुकी. निघालेले आवाज कोणाचे, हे ओळखायला तिला माणसं हवी होती.

तेव्हापासून मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी दोघं प्रयोगशाळेत जाऊन बसू लागले. सुपडूभाऊ अक्षरं ओळखायचे, मोईनभाई आवाज. साल कोणतं यावरून भांडायचे.

तिसऱ्या आठवड्यात १९८६ च्या कसल्याशा चर्चासत्राची टेप निघाली. कार्यक्रम अजून सुरू व्हायचा होता. पडद्यावर निम्मीच अक्षरं लागली होती, आणि चित्रात माणूस नव्हता. कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेर कुठंतरी दोन तरुण माणसं बोलत होती. बोलणं कळत नव्हतं, पडदा ओढल्याचा आवाज त्यावर आला होता. मग एकानं काहीतरी म्हटलं आणि दोघं हसायला लागले. थांबले, पुन्हा सुरू झाले. एकाला ठसका लागला, दुसरा त्याच्या पाठीवर थापा मारत होता आणि थापा मारता मारता हसतच होता.

“हे तुम्ही दोघं ना?” ऋजुतानं विचारलं. “काय झालं होतं?”

सुपडूभाऊंनी मोईनभाईंकडे पाहिलं. मोईनभाईंनी सुपडूभाऊंकडे. तिनं तो तुकडा दुसऱ्यांदा लावला, तिसऱ्यांदा लावला. दोघांपैकी एकालाही काही आठवेना.

“भारी असणार काहीतरी,” मोईनभाई म्हणाले. “लाव बरं अजून एकदा.”